नावाच्या ख्रिस्ती: पंडिता रमाबाईंची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वॉन्टेज गावी झाला. त्यानंतर चोवीस वर्षांनी, १९०७ साली, त्यांनी 'अ टेस्टिमनी' नावाची एक छोटी पुस्तिका इंग्रजीत लिहिली. मराठी ख्रिस्ती घरांत जिला 'साक्ष' म्हणतात, ती ही. बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या आठेक वर्षांबद्दल त्या तिथे जे सांगतात त्याचा आशय असा, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त काही सापडला नव्हता. थोडक्यात, १८८३ ते १८९१ आपण नावाच्याच ख्रिस्ती होतो, असा निकाल बाईंनी स्वतःच्या विरुद्ध देऊन टाकला.

मला तो निकाल पटत नाही. रमाबाईंबद्दल रमाबाईंशीच वाद घालायचा म्हणजे आगाऊपणाच, पण इतिहास शिकलेल्या माणसाला तेवढी मुभा असते असं समजा.

आधी माझं थोडं सांगते, म्हणजे मी कुठून बोलते आहे ते तुम्हाला कळेल. मी नगरच्या ख्रिस्ती घरातली. पीएच.डी. झाल्यावर सध्या इंग्लंडात पोस्टडॉक करते आहे. आमच्याकडे इंग्रजी 'चर्च' या शब्दाला 'मंडळी' म्हणतात, आणि जमलेल्या माणसांनाही मंडळीच. परदेशात आल्यावर तुम्ही महाराष्ट्र मंडळाचे सभासद होता, मी मंडळाचीही होते आणि मंडळीचीही. आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा असते, एका इंग्रज चर्चचा मागचा हॉल भाड्याने घेऊन. चाळीसेक माणसं येतात. त्यातली किती प्रभूसाठी येतात, किती मराठी कानावर पडावं म्हणून आणि किती नंतरच्या मटणासाठी, हे मोजायचं यंत्र निघालेलं नाही. तुमच्या गणेशोत्सवातही हाच हिशोब असतो, तेव्हा हसू नका.

पण हा प्रश्न नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खरा ख्रिस्ती कोण आणि नावाचा कोण, यावर रमाबाईंनी इंग्लंडात असताना तीन वर्षं पत्रांतून भांडण केलं. ती पत्रं सुदैवाने उरली आहेत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांनी ती जपून ठेवली, पुढे त्यांवर टिपा लिहिल्या, आणि १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती प्रसिद्ध केली. ('मंडळ' पुन्हा आलंच.) एका हिंदू घरातून आलेल्या ख्रिस्ती बाईचा एका इंग्रज जोगिणीशी झालेला धर्मवाद आपल्या सरकारी मंडळाने छापावा, ही मला फार चांगली गोष्ट वाटते.

रमाबाई इंग्लंडला कशा पोचल्या ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल, म्हणून भरभर सांगते. जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. तीर्थयात्रा आणि पुराणं सांगणं यावर घर चाललं, आणि दुष्काळात आई, वडील, थोरली बहीण ओळीने गेली. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत १८७८ साली कलकत्त्याला पोचली, तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. १८८२च्या सुरुवातीला पटकीने तेही गेले. मांडीवर मनोरमा. मग पुणं, आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति', हंटर आयोगापुढे साक्ष, आणि १८८३ साली बोटीने इंग्लंड. वय पंचवीस.

पुण्यात त्यांचा परिचय वॉन्टेजच्या सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनी-संघाशी झाला होता. त्यांचं काम पंचहौदाच्या मिशनमध्ये चाले. तिथेच नेहेम्या गोरे भेटले. मूळचे काशीचे नीलकंठशास्त्री गोरे, १८४८ साली बाप्तिस्मा घेतलेले, बुद्धीने अत्यंत तल्लख आणि जन्मभर शंकांनी पोळलेले गृहस्थ. ख्रिस्ती धर्म बुद्धीला पटला तो गोऱ्यांमुळे, असं रमाबाई सांगतात. बुद्धीला पटणं आणि मन ओढलं जाणं या त्यांच्या लेखी दोन निराळ्या गोष्टी होत्या. मन कुठे ओढलं गेलं, तेही त्या सांगतात, आणि माझं सगळं म्हणणं त्यावरच उभं आहे.

वॉन्टेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. तिथे या संघाचं एक घर होतं. ज्या बायकांना त्या वेळचा समाज 'पतित' म्हणे, त्यांच्यासाठीचं. भगिनी त्या बायकांची सेवा करत होत्या, त्यांच्यात वावरत होत्या. रमाबाईंनी असलं काही कधी पाहिलं नव्हतं. आपल्या धर्मशास्त्रांत अशा बाईसाठी काय लिहिलंय ते त्यांना पाठ होतं. लहानपणापासून त्या ते लोकांना वाचून दाखवत आल्या होत्या. त्यांनी विचारलं, की तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, तिचे पाच नवरे झालेले, आणि तिच्याकडे प्यायला पाणी मागणारा येशू. (पाणी मागणं म्हणजे काय हे आपल्या लोकांना वेगळं समजावून सांगायला नको.) ख्रिस्ताकडे आपण तिथे ओढले गेलो असं रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे, आणि तेही त्याच १९०७च्या साक्षीत. काही दिवसांनी बाप्तिस्मा झाला. नाव 'मेरी रमा'.

बाप्तिस्म्याच्या आधीचे ते दिवस सोपे नव्हते. बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वॉन्टेजमध्येच आत्महत्या केली. मागे उरली पंचवीस वर्षांची विधवा, दोन वर्षांची मुलगी आणि आजूबाजूला सगळ्या परक्या बायका, ज्यांच्या घरात राहून ज्यांचं अन्न खायचं. पुण्यातल्या सुधारकांनी तेव्हा म्हटलं, की बाईला एकटी गाठून बाटवलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून हा बाप्तिस्मा खरा की खोटा, हा प्रश्न लोकांनी विचारायला सुरुवात केली होती.

आता गंमत पाहा. पुण्याला वाटत होतं बाई भगिनींच्या मुठीत गेली. आणि इकडे सिस्टर जेराल्डीन डोक्याला हात लावून बसल्या होत्या, कारण बाई मुठीत यायला तयार नव्हती.

१८८४ पासून रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात होत्या. प्राचार्य डोरोथिया बील यांच्याकडे शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं. डॉक्टर व्हायची इच्छा होती, ती कान कमी ऐकू येत असल्याने सोडावी लागली. तिथून त्यांनी आणि जेराल्डीनबाईंनी एकमेकींना पत्रं लिहिली. भांडणाची कारणं वरवर पाहता अगदी किरकोळ. पुडिंगात अंडं असतं म्हणून रमाबाई ते खात नाहीत. सिस्टरच्या मते हा जातीचा अभिमान अजून सुटला नसल्याचा पुरावा. क्रुसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नाहीत, लॅटिन जास्त पवित्र आहे का, असं रमाबाई विचारतात. अँग्लिकन सोडून दुसऱ्या पंथांच्या लोकांबरोबर त्या प्रार्थनेला बसतात, ते सिस्टरना चालत नाही. कॉलेजात पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायची गोष्ट निघते, तर मुंबई आणि लाहोरच्या बिशपांची हरकत येते, की हिंदुस्थानात हे कळलं तर तिथे बाईचं वजन राहणार नाही. रमाबाईंचा यावरचा संताप पत्रातून अजून चटका देतो. ज्या बाईने कलकत्त्यात पंडितांच्या सभेत परीक्षा दिली, पुण्यात पुरुषांसमोर पुराण सांगितलं, तिला इंग्लंडात येऊन हे ऐकावं लागत होतं.

मग वाद आत शिरतो. त्रैक्य मला समजत नाही, म्हणतात. येशूचं देवत्व चर्च सांगतं त्या शब्दांत मला बायबलात दिसत नाही. अथनासियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार मी बाप्तिस्म्याच्या वेळी मान्य केलेला नव्हता. मनोरमेला न समजणारी शिकवण पाठ करायला लावू नका. आणि सगळ्यांचं मूळ हे, की ब्राह्मण पुरोहितांच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवली आहे, ती आता दुसऱ्या पुरोहितांच्या जोखडात घालायची माझी तयारी नाही. देवाने सदसद्विवेकबुद्धी दिली आहे तिला मी उत्तर देईन. माझा बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत झाला, फक्त चर्च ऑफ इंग्लंडमध्ये नाही.

जेराल्डीनबाईंना यात गर्व दिसला. नम्रता नाही म्हणजे श्रद्धा नाही, असं त्यांचं गणित. त्यांच्यावर रागावू नका. व्रत घेतलेल्या बाईसाठी आज्ञापालन हीच श्रद्धेची कसोटी असते, आणि त्यांनी स्वतःचं आयुष्य त्या कसोटीवर लावलं होतं. मिस बील जास्त समजुतीने घेत. शंका हा विश्वासाचा शत्रू आहे असं त्यांना वाटत नसे, आणि त्या सिस्टरना सांगत, की ही बाई दाबून वळणार नाही, तिला विचार करू द्या. पण या दोघींनाही एक शंका होतीच, की आपण बाप्तिस्मा दिला खरा, पण ही खरोखर ख्रिस्ती झाली आहे का?

फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला निघाल्या, फिलाडेल्फियाला आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाला. थोड्या दिवसांसाठी गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त राहिल्या. तिथे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, देशभर व्याख्यानं दिली, बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा जमला. परत येऊन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. अट अशी, की शाळेत कोणत्याही धर्माचं शिक्षण नाही. हिंदू मुलींनी आपले आचार पाळावेत.

आणि इथे बाई दोन्हीकडून सापडल्या. मिशनऱ्यांनी विचारलं, की ख्रिस्ती बाई शाळा काढते आणि शाळेत बायबल नाही, ही कसली ख्रिस्ती? पुण्याने विचारलं, की बाई पहाटे स्वतःच्या खोलीत प्रार्थना करते तेव्हा दार उघडं का असतं आणि मुली येऊन का बसतात? १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, 'केसरी'ने झोड उठवली, बऱ्याच मुली घरी नेल्या गेल्या. त्या काळच्या पुण्यात धर्म कशावरून ओळखत असत हेही लक्षात घ्या. सदन पुण्याला आलं त्याच सुमारास, ऑक्टोबर १८९० मध्ये, पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून रानडे आणि टिळकांसकट प्रतिष्ठित मंडळी ग्रामण्यात अडकली. एका कपावरून माणसाचा धर्म शाबूत की बुडाला हे ठरत होतं, तिथे उघड्या दारावरून का ठरू नये?

या दोन टोकांच्या मधल्या काळात, १८९१च्या सुमारास, त्यांच्या हातात विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र पडलं. हॅस्लम कॉर्नवॉलमध्ये बॉल्डू इथे पाळक. चर्च बांधलं, उपासना चालवल्या, सगळं नेमाने. आणि १८५१ साली एका रविवारी स्वतःचंच प्रवचन देता देता त्याच्या लक्षात आलं की आपण जे सांगतो आहोत त्याचा आपल्याला स्वतःला अनुभव नाही. तिथल्या तिथे त्याचं परिवर्तन झालं. ऐकणाऱ्यांत कुणीतरी ओरडलं, की पाळकाचंच तारण झालं! हे वाचून रमाबाई हादरल्या. पाळक असून नावाचा ख्रिस्ती असू शकतो, तर मी कोण? त्यातून पुढे त्यांना जो अनुभव आला त्याने शांती मिळाली असं त्या लिहितात, आणि तिथून मागे वळून पाहताना आधीची आठ वर्षं त्यांना पोकळ दिसली.

अनुभव खोटा होता असं मी म्हणत नाही. तसं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही. माझा आक्षेप मागे वळून पाहण्याला आहे. साक्ष या लेखनप्रकाराला एक ठरीव घडण असते: आधी अंधार, मग उजेड. उजेड जितका लख्ख दाखवायचा तितका आधीचा काळ काळा रंगवावा लागतो. पुनरुज्जीवनवादी ख्रिस्ती लोकांत ही घडण एकोणिसाव्या शतकात पक्की झाली होती, आणि १९०७ साली मुक्तिसदनात त्याच वाऱ्याचा जोर होता. वेल्समधल्या जागृतीच्या बातम्या केडगावला पोचल्या होत्या, १९०५च्या जूनपासून तिथल्या मुली मोठमोठ्याने रडून प्रार्थना करत होत्या. त्या वातावरणात लिहिलेल्या पुस्तिकेत चेल्टनहॅमच्या पत्रांना जागा मिळणं कठीणच होतं.

पण पत्रं आहेत ना! ती १८८४-८५ साली लिहिलेली आहेत, पुढे काय होणार हे माहीत नसताना. ज्याला फक्त धर्माचं नाव लावायचं आहे तो त्रैक्यावर रात्री जागून पत्रं लिहीत नाही. तो होकार देतो आणि पुडिंग खातो. रमाबाई ज्यांच्या घरात राहत होत्या, ज्यांच्या पैशावर मुलगी वाढत होती, त्यांनाच तोंडावर नाही म्हणत होत्या. नामधारी माणसाला हा उपद्व्याप कशाला हवा? नावापुरत्या धर्माची सगळ्यात मोठी सोय हीच असते की त्यात भांडावं लागत नाही.

दुसरी गोष्ट फुलहॅमची. पुढे केडगावला रमाबाईंनी जे मुक्तिसदन उभं केलं, त्यात १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून आणलेल्या मुली होत्या, आंधळ्या बायकांची सोय होती, छापखाना होता, आणि कृपासदन होतं. कृपासदन कुणासाठी? फुलहॅमचं घर ज्यांच्यासाठी होतं त्यांच्यासाठी. सेवेचं बी १८८३ साली पडलं. १८९१च्या आधी जर काहीच नव्हतं, तर हे रोप कुठून आलं?

रमाबाईंनी स्वतःला नामधारी म्हटलं ते नम्रतेने म्हटलं असेल. पण त्यांचं वाक्य पुढे लोकांनी इतरांना मारायला वापरलं, म्हणून मी एवढी तळमळते आहे. आमच्याकडे नगर जिल्ह्यात १८७६ ते १८७८च्या दुष्काळानंतर मिशनच्या नोंदवह्या बाप्तिस्म्यांनी भरल्या. बहुतेक महार-मांग वस्तीतले लोक. माझे खापरपणजोबा त्यांतलेच. या लोकांना दोन बाजूंनी एकच शिवी मिळाली. गावाने म्हटलं पोटासाठी बाटले. आणि कित्येक मिशनऱ्यांनी आपल्या अहवालांत तीच शंका जरा सभ्य इंग्रजीत मांडली, की यांची श्रद्धा खरी की धान्यासाठीची? उलट एक ब्राह्मण ख्रिस्ती झाला की त्याच्या आतल्या उलघालीवर पुस्तकं निघत. गोऱ्यांवर निघालं, बाबा पदमनजींनी (ते कासार घराण्यातले) स्वतः 'अरुणोदय' लिहिलं, रमाबाईंनी साक्ष लिहिली, ना. वा. टिळकांवर तर अजून निघतात. माझ्या खापरपणजोबांचं काय आहे? नोंदवहीत एक ओळ: नाव, गाव, तारीख. अक्षरओळख नव्हती, कुणी विचारलंही नाही. ज्याला लिहिता येतं त्याचीच श्रद्धा अस्सल ठरते, हा न्याय कुठला? माझी आजी यावर एवढंच म्हणायची, "दुष्काळ सरला तेव्हा काय झालं ते विचार त्यांना." दुष्काळ सरला, धान्य बंद झालं, पण विहिरीवरचा मार बंद झाला नाही, आमचे लोक तरी मंडळीतच राहिले.

आणि नाव लावण्याची किंमतही पाहा. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. पुढे १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. त्यामुळे आमच्याकडे अशी घरं आहेत जी दाखल्यावर हिंदू आहेत आणि रविवारी उपासनेत. तुम्ही म्हणाल, हा दुटप्पीपणा. असेल. पण 'नामधारी' या शब्दाची इथे पार उलटापालट होते. नाव एका धर्माचं आणि माणूस दुसऱ्या.

याच्या बरोबर उलट इंग्लंड. इथल्या फॉर्मवर 'ख्रिश्चन' अशी खूण करणारे २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये ४६.२ टक्के निघाले, दहा वर्षांपूर्वी ते ५९.३ होते. आम्ही ज्यांचा हॉल भाड्याने घेतो त्यांच्या रविवारच्या उपासनेत मात्र विसेक डोकी, बहुतेक सत्तरीच्या पुढची. इथे नाव लावायला काही पडत नाही. न लावायलाही पडत नाही. मला या लोकांना नावं ठेवायची नाहीत. त्या विसांपैकी एक आजी हिवाळ्यात आमच्या मंडळीआधी येऊन हीटर लावून ठेवतात, आम्हाला थंडी सोसत नाही म्हणून.

नामधारी कोण याचा सगळ्यात धाडसी विचार मराठीत कुणी केला असेल तर तो नारायण वामन टिळकांनी. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा. मग बावीसेक वर्षं नगरच्या अमेरिकन मराठी मिशनबरोबर काम, 'ज्ञानोदया'चं संपादन, शेकडो भजनं. लक्ष्मीबाई त्यांच्या मागून पाच वर्षांनी, १९०० साली आल्या, आणि कशा आल्या ते 'स्मृतिचित्रे'त वाचा, नसेल वाचलं तर आजच. त्यांचा आधी विटाळ सुटला, कुणाच्याही हातचं पाणी चालायला लागलं, आणि बाप्तिस्मा नंतर झाला. मला हा क्रम फार बोलका वाटतो. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि 'देवाचा दरबार' काढला. त्यात ख्रिस्ताच्या शिष्यांना जागा होती, बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्याही. हिंदू राहून ज्याने येशूला गुरू मानलं तो या दरबारात सभासद.

मिशनमधल्या लोकांना हे झेपलं नाही, आणि त्यांचं सगळंच चूक होतं असं मला वाटत नाही. बाप्तिस्म्याने ज्यांना गावाबाहेरचं जगणं सुटून माणूस म्हणून नाव मिळालं होतं, त्यांना त्या पाण्याची किंमत कमी झालेली कशी चालेल? बाप्तिस्मा ऐच्छिक आहे हे म्हणणं ब्राह्मण टिळकांना सोपं होतं. पण प्रश्न त्यांनी योग्य विचारला होता. बाप्तिस्मा झालेले नावाचे ख्रिस्ती तुम्ही मंडळीत धरता, मग नाव न लावलेल्या शिष्यांना का धरत नाही? दरबार रुजायच्या आतच, मे १९१९ मध्ये, टिळक गेले.

रमाबाईंनी असा दरबार काढला नाही. त्यांनी शेवटची जवळजवळ वीस वर्षं बायबलाचं भाषांतर केलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून, मुक्तिसदनातल्या साध्या बायकांना समजेल अशा मराठीत. जुन्या भाषांतरातलं संस्कृत त्यांना खटकायचं. संस्कृतावर पदव्या मिळवलेल्या, क्रुसावर संस्कृत अक्षरं मागणाऱ्या बाईने शेवटी संस्कृत गाळत बसावं! खिळे जुळवणाऱ्याही मुक्तीच्याच मुली. १९२१ साली मनोरमा गेली, म्हणजे आई-वडील-भाऊ-नवऱ्यानंतर मुलगीही, आणि रमाबाईंनी मुद्रितं तपासायचं काम थांबवलं नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या तेव्हा काम जवळपास हातावेगळं झालेलं होतं.

सिस्टर जेराल्डीनबद्दल शेवटचं. पत्रांना त्यांनी ज्या टिपा जोडल्या त्यांत शिष्या आपल्या हातून निसटली याचं दुःख आहे, आणि आपलंच बरोबर होतं हा ठामपणाही. तरीही स्वतःच्या विरुद्ध जाणारं एकही कडक पत्र त्यांनी फाडलेलं दिसत नाही. पुडिंगाचं, बिशपांचं, पुरोहितांच्या जोखडाचं, सगळी तिथे आहेत. तुमच्या जवळच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते १९७७चं पुस्तक असण्याची बरीच शक्यता आहे. नसलं तर आंतरग्रंथालयीन सेवेने मागवता येतं. १८८५ सालची पत्रं आधी वाचा, प्रस्तावना नंतर.